परंपरेचा पेहराव आणि नकाराचा हक्क

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या वस्त्यांतून महाविद्यालयात येणारी मुले-मुली ही बहुतेक घरांतली शिकणारी पहिली किंवा दुसरी पिढी असते. बाप कारखान्यात पाळीवर, आई कुठे पॅकिंगला तर कुठे धुण्याभांड्याला. अशा मुलांना मी मराठी साहित्य शिकवतो. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात दरवर्षी 'पारंपरिक वेशभूषा दिन' साजरा होतो. मुली नऊवारी नेसून, नथ घालून येतात. मुले धोतर नेसतात, फेटा बांधतात आणि पायांत कोल्हापुरी चपला करकरवत मिरवतात. एका वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली आणि म्हणाली, "सर, सूचनेत 'आपली पारंपरिक वेशभूषा' असं लिहिलंय. आपली म्हणजे कुणाची? आजीचं लुगडं नेसावं म्हटलं तर आई म्हणते, ते नेसायचं नाही. ते सोडायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या."

मी त्या वेळी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. परंतु तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण तो एका मुलीचा नव्हता. 'लोककला', 'लोकवेश', 'पारंपरिक हस्तव्यवसाय' या शब्दांनी ज्या संस्कृतीचा गौरव चालतो, त्या संस्कृतीने ज्यांना कपड्याच्या काठावरून ओळखले आणि ओळखून दूर उभे केले, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे. प्रस्थापित समीक्षेने तो कधी विचारला नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की, आपल्या समीक्षेनेही तो पुरेसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेख हा त्या मुलीला द्यावयाच्या उत्तराचा प्रयत्न आहे.

१

वेश ही हौसेची बाब आहे, असे ज्यांनी वेशाबद्दल कधी हुकूम ऐकला नाही तेच म्हणू शकतात. अस्पृश्यांच्या बाबतीत वेश ही एक प्रकारची सक्तीची पाटी होती. माणूस तोंड उघडण्याआधीच ती पाटी वाचली जात असे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्याच भागातल्या एका पुस्तकात आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याआधी ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः येत होते. या पुस्तकात बेबीताईंनी लुगडे नेसण्याचा एक नियम नोंदवून ठेवला आहे. वरच्या जातीच्या स्त्रियांनी निऱ्यांचा काठ बाहेर दिसेल असे नेसायचे आणि महार स्त्रियांनी तो काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. लुगडे तेच, बाजार तोच, कदाचित विणकरही तोच. फरक होता तो चार बोटांच्या काठाचा. परंतु त्या चार बोटांत सगळी वर्णव्यवस्था मावली होती. लोकवेशाच्या कोणत्या सचित्र ग्रंथात हा नियम दिला आहे? नऊवारीचे प्रकार, पदराच्या तऱ्हा, इरकली आणि खण यांची वर्णने आपण वाचतो. दडवलेल्या काठाचे चित्र मात्र कुणी काढत नाही.

हा नियम एखाद्या गावापुरता होता असे समजण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या निबंधात इंदूर संस्थानातील बलाई या अस्पृश्य जातीवर सवर्णांनी लादलेल्या अटींचा उल्लेख केला आहे. या अटींची बातमी १९२८ सालची आहे. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, झगमगीत वस्त्रे वापरू नयेत, असा तो हुकूम होता. फलटण आणि इंदूर यांमध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे, भाषाही वेगळी आहे. पण काठाची भीती दोन्हीकडे सारखीच! सवर्ण समाजाला अस्पृश्याच्या अंगावरचा रंगीत काठ का खुपावा? कारण काठ दिसला की माणूस माणसासारखा दिसतो, आणि मग त्याला ओळखायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. त्या भाषणातला आशय आपण सर्व जाणतो. अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यात माळांचे आणि हातांत कोपरापर्यंत कथलाचांदीच्या दागिन्यांचे ओझे वागवू नका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. परिषदेला आलेल्या स्त्रियांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली. लोकवेशाच्या अभ्यासकाला या घटनेत कदाचित एका 'पारंपरिक' नेसणीचा अंत दिसेल आणि तो हळहळेलही. मला तिच्यात आपल्या वेशाच्या इतिहासाचा आरंभ दिसतो. त्या दिवशी स्त्रियांनी काठ बाहेर काढला.

बाबासाहेबांच्या कोटाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. वस्तीवस्तीतल्या पुतळ्यांच्या अंगावर तो निळा कोट आहे, खिशाला पेन आहे, पायांत बूट आहेत. तो साहेबी अनुकरणाचा वेश आहे अशी टीका पूर्वी होत असे, आजही कुठे कुठे ऐकू येते. ज्या व्यवस्थेने काठाचा रंगसुद्धा ठरवून दिला होता, त्या व्यवस्थेच्या यादीत नसलेला वेश निवडणे हेच तिला दिलेले उत्तर होते. गांधींनी पंचा नेसला तो स्वेच्छेने. आमच्या आज्याच्या अंगावर जे फाटके घोंगडे होते ते त्याने निवडलेले नव्हते. गरिबीचा वेश पांघरायलाही आधी तो न पांघरण्याची मोकळीक असावी लागते.

२

आता वेशाकडून वेश घडवणाऱ्या हाताकडे येऊ. त्या वेशभूषा दिनाला मुलांच्या पायांत जी चप्पल असते तिचेच उदाहरण घेतो, कारण आपल्या जिल्ह्याचा तिच्याशी थेट संबंध आहे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. २०१९ साली ते जाहीर झाले. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ, अशी दोन सरकारी महामंडळे तिची संयुक्त धारक आहेत.

ही चप्पल कशी होते? कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस काढायचे, आतले मांस खरवडायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमवायचे. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, ती टांगून, तिच्यात सालीचे पाणी भरून मुरवत ठेवत. हे काम ढोर समाजाचे. कमावलेले कातडे चर्मकाराकडे येते. तो रापीने तळ, टाच, कान, पट्टा बेततो, आरीने भोके पाडतो आणि कातड्याच्याच वादीने शिवतो. खिळा लागत नाही. वेण्या वळणे, बारीक नक्षी करणे ही कामे पुष्कळदा घरातल्या बायका करतात. आणि या सगळ्याच्या आधी मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम असते. ते गावाने महारावर टाकलेले होते.

म्हणजे एका चपलेत किती जातींचे हात आले ते पाहा. गावाने प्रत्येकाला दुसऱ्यापासून तोडले होते, पण वस्तूत ते एकत्र आले. आता त्या वस्तूला नाव काय मिळाले? कोल्हापूरचे. राजधानीचे. अथणीला, निपाणीला, मिरजेच्या आसपास शिवलेल्या जोडालाही तेच नाव. जातीच्या नावाने तो जोड विकावा असे माझे म्हणणे नाही. जातीचे नाव बाजारात नको, ते समाजातही नको. पण हात अदृश्य करून केवळ मातीला श्रेय देण्याची ही पद्धत निरागस नाही. मातीने चप्पल शिवली नाही. गावात ज्याला 'ए चांभारा' म्हणून हाक मारली गेली, ज्याला मंदिराच्या पायरीखाली उभे केले गेले, त्याने ती शिवली. वस्तू गावाच्या अभिमानाची आणि माणूस गावकुसाबाहेरचा, ही वाटणी परंपरेने केली आणि मानांकनाच्या कागदाने ती तशीच पुढे नेली.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या उन्हाळी पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यात कोल्हापुरीसारखी चप्पल होती आणि तिचा उल्लेख केवळ चामड्याची सपाता असा होता. महाराष्ट्रात संताप उसळला. पुढाऱ्यांनी पत्रके काढली, व्यापारी मंडळाने पत्र धाडले, उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली आणि ती फेटाळली गेली. कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. डिसेंबर २०२५ मध्ये तिने दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात सुमारे दोन हजार जोड तयार करून घेऊन प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकायचे, असे त्या वेळी जाहीर झाले.

हा संताप खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्याची तपासणी केली पाहिजे. 'आमची चप्पल चोरली' असे जे म्हणत होते त्यांच्यातल्या 'आम्ही'मध्ये रापी धरणारा होता काय? जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून फटके मारले गेले. त्याचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. त्या वेळी 'आमचे कारागीर मारले' असे कुणी म्हटले नाही. कातडे तेच. उन्यात त्याच्यासाठी चाबूक, मिलानमध्ये त्याच्यासाठी गालिचा! महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा अमलात आला आणि बैलाच्या कातड्याचा कायदेशीर पुरवठा आटला. तेव्हा परंपरेच्या अभिमान्यांना कोल्हापुरीची आठवण झाली नाही. संस्कृतीला चप्पल हवी असते. तिला कातडे नको असते आणि कातडे कमावणारा तर मुळीच नको असतो.

या भागातल्या चर्मकारांच्या स्मृतीत बाराव्या शतकातल्या कल्याणच्या हरळय्यांची कथा आहे. आपल्या आणि पत्नीच्या मांडीचे कातडे काढून त्यांनी बसवण्णांसाठी पादत्राण शिवले, असे कथा सांगते. ही कथा भक्तीचा आदर्श म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. पण परंपरा पुढे काय सांगते? हरळय्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण कुळातल्या मधुवरसाच्या मुलीशी झाला आणि त्या अपराधासाठी दोन्ही व्याह्यांना मृत्युदंड मिळाला. मांडीचे कातडे देणारा चर्मकार समाजाला चालतो. व्याही होऊ पाहणारा चर्मकार चालत नाही. कारागिरीच्या गौरवाची मर्यादा कोठे आहे, हे या एका कथेत आठशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

३

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, तेव्हापासून दूरदेशीच्या दास्यात आपले दास्य ओळखण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. त्याच दृष्टीने पूर्व युरोपातल्या रोमानियाकडे पाहण्यासारखे आहे.

रोमानियाच्या खेड्यांतल्या वेशाची कीर्ती मोठी आहे. खांद्यावर आणि बाहीवर दाट भरतकाम केलेला पांढरा सदरा, ज्याला तिकडे 'इए' म्हणतात, तो त्या राष्ट्राचे चिन्हच झाला आहे. मातीस या फ्रेंच चित्रकाराने १९४० साली त्याच्यावर एक प्रसिद्ध चित्र काढले. २०२२ मध्ये रोमानिया आणि मोल्दोवा या दोन देशांच्या नावाने त्या भरतकामाची युनेस्कोच्या वारसा-यादीत नोंद झाली. प्राडासारखे प्रकरणही तिकडे आधीच घडले आहे. बिहोर प्रांतातल्या कातडी जाकिटासारखे जाकीट डिओर या फ्रेंच कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणले. किंमत ३० हजार युरो. तेव्हा रोमानियातल्या एका नियतकालिकाने नुसती ओरड केली नाही. २०१८ मध्ये 'बिहोर कुत्यूर' या नावाने मोहीम काढून तिथल्या कारागिरांच्या वस्तू थेट त्यांच्याकडूनच विकत घेण्याची सोय केली. आपल्याकडच्या पत्रकबाजांनी एवढे जरी शिकावे!

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. आज रोमानिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत रोमा लोक चौदाव्या शतकापासून गुलाम होते. राजाचे गुलाम, मठांचे गुलाम, सरदारांचे गुलाम. मोल्दावियात १८५५ साली आणि वालाकियात १८५६ साली ही गुलामी शेवटी संपली. या गुलामांत लोहार, तांबट, लाकडी चमचे कोरणारे असे कारागीर होते, आणि धंदा हेच त्यांच्या गटाचे नाव झाले. काल्डेराश म्हणजे तांबट, लिंगुरारी म्हणजे चमचे करणारे. धंद्याचे नाव माणसाला आणि मग त्याच्या लेकरांना चिकटणे, हे वाचताना आपल्याला वेगळे काही वाचतो आहोत असे वाटत नाही. रोमांची भाषाही मुळात आपल्याच उपखंडातून गेलेली. राष्ट्रीय वेशाचा मान शेतकऱ्याच्या सदऱ्याला मिळाला. ज्यांनी त्या शेतकऱ्याची कढई घडवली ते मात्र आजही तिथल्या वस्त्यांच्या कडेला आहेत आणि त्यांच्याविषयीचा तिरस्कार संपलेला नाही.

यातून मी एवढेच घेतो की, 'आमची परंपरा' म्हणून परक्या कंपनीशी भांडण्याची ताकद त्यालाच असते ज्याला राष्ट्राने आधी आपला मानले आहे. बिहोरचा शेतकरी म्हणू शकला, 'हे आमचे.' रोमा तांबटाने तेच म्हटले तर त्याचे कोण ऐकणार? आणि आपल्याकडे चर्मकाराने म्हटले तर?

४

येथवर मी इतरांवर टीका केली. आता स्वतःकडे वळले पाहिजे, कारण आपल्या समीक्षेपुढेही एक खरा पेच आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी एक जुनी आठवण सांगितली. महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले तर कातडी, शिंगे, हाडे यांचे किती रुपयांचे उत्पन्न बुडेल, याचा हिशेब कुणी 'केसरी'तून मांडला होता. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा की, हा फायदा तुम्हीच घ्या, ढोरे तुम्हीच ओढा. आम्हाला हवी आहे ती इज्जत. हे उत्तर आपल्या चळवळीचा कणा आहे. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी त्याआधीच दाखवून दिले होते. तेव्हा जातीचे काम सोडणे हा आपला पहिला धर्म ठरला आणि तो बरोबरच होता.

परंतु काम सोडताना कामातले ज्ञानही हलके मानण्याची सवय आपल्याला लागली, हे कबूल केले पाहिजे. ज्यांनी काम सोडले ते ज्यांनी धरून ठेवले त्यांच्याकडे खाली पाहू लागले. महार, मांग, चांभार, ढोर यांच्यातल्या भिंती गावाने बांधल्या. त्या पाडण्याऐवजी कधी कधी आपण त्यांना आतून गिलावा केला. अजून रापीवर पोट असलेल्या माणसाला आपल्या सभांत किती वेळा बोलावले? बोलावले तर काय विचारले? त्याच्या दुःखाबद्दल विचारले असेल. कातडे किती दिवस मुरवावे लागते, हे विचारले काय?

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ची समीक्षा या दृष्टीने पुन्हा वाचावी. १९८० साली आलेल्या या पुस्तकाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भटकंती, भूक, पोलीस, जातपंचायत, शाळेसाठीची धडपड यांवर पुष्कळ लिहिले गेले. पण कैकाडी कुटुंब फोक तोडून आणते, भिजवते, टोपली-कणगी विणते, हे सगळे समीक्षेने केवळ दारिद्र्याची पार्श्वभूमी म्हणून वाचले. बापाने पोराला शाळेत घातले हा त्या टोपलीला दिलेला नकार होता, हे खरे. तरीही ज्या हातांना कोणता फोक कुठे वाकतो आणि कुठे मोडतो हे कळते, ते हात अडाणी नव्हते. दया पवारांच्या 'बलुतं'च्या (१९७८) शीर्षकातच हा पेच आहे. गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. काम होते, कौशल्य होते, मोबदल्याचा शब्दही होता. नव्हता तो काम नाकारण्याचा हक्क. जिथे 'नाही' म्हणता येत नाही तिथे मजुरीची भीक होते.

आपल्या शेजारी मिरजेत याच्या उलट उदाहरण आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतारी घडवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचे भोपळे आणून मिरजेत सतारी-तंबोरे होऊ लागले. धंद्यावरून घराण्याला 'सतारमेकर' हे आडनाव मिळाले आणि ते सन्मानाने उच्चारले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकनही मिळाले. हे कारागीर श्रीमंत झाले असे नाही. त्यांच्याही अडचणी आहेत. परंतु तिथे एका माणसाने जुना धंदा बदलून नवा उचलला आणि त्याचे नाव राहिले. चप्पल घडवणाऱ्याच्या बोटांतही तेवढीच जाण असते. त्याच्या नावाचा एकही जोड इतिहासात नाही. दोघांच्या कौशल्यात कमी-जास्त नाही. फरक पडला तो वस्तू कुणाच्या मांडीवर जाते आणि कुणाच्या पायात जाते, यावरून. हातात येणारी वस्तू पवित्र, पायात जाणारी अपवित्र, हे सौंदर्यशास्त्र नव्हे. ही मनुस्मृती आहे.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही, आजच्या धोरणाचाही आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. चर्मकाम, टोपल्या-झाडू यांचाही त्यांत समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, पुढे दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. कारागिराला भांडवल मिळावे याला कोण विरोध करील? पण तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. अर्जदाराचे कुटुंब परंपरेने त्या धंद्यात असण्याची अट काढा आणि किमान वय १८ वरून ३५ करा, अशी त्या राज्याची मागणी होती. अठराव्या वर्षी बापाचा धंदा धरायला पैसे मिळाले तर पोरगा महाविद्यालयात कशाला येईल, हा त्यामागचा विचार. मला हा विचार महत्त्वाचा वाटतो. कौशल्याला मदत करा, कुळाला करू नका. चर्मकाम शिकायचे असेल तर ते देशपांड्यांच्या मुलालाही शिकता यावे आणि चर्मकाराच्या मुलीला ते न शिकताही जगता यावे.

५

तेव्हा लोककला आणि लोकवेश यांच्या समीक्षेला आपण तीन प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. ही वस्तू कोणत्या हाताने घडवली? त्या हाताला 'नाही' म्हणता येत होते काय? आणि आज तिची जी किंमत येते त्यातले त्या हातावर किती पडते? या तीन प्रश्नांची उत्तरे न देता केलेला परंपरेचा गौरव हा जातीचाच गौरव असतो, मग तो संग्रहालयात होवो, पाठ्यपुस्तकात होवो की मिलानच्या गालिच्यावर होवो.

कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, चपलेच्या करारांचे फोटो छापून येतात तेव्हा शिलाईची मजुरी, वेणी वळणाऱ्या बायकांची मजुरी आणि कातडे कमावणाऱ्या ढोर कुटुंबांचा वाटा किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. शिक्षकांना विनंती आहे की, 'पारंपरिक वेशभूषा दिन' भरवायचाच असेल तर त्या दिवशी 'जिणं आमुचं'मधली दडवलेल्या काठाची पाने वर्गात वाचा. विद्यार्थ्यांना सांगणे आहे की, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या हातांबद्दल विचारा. दोर कसा वळत, कातडे कसे कमावत, फोक कधी तोडत. लिहून घ्या. हे ज्ञान आपले आहे. ते सोडण्याचा हक्क आपला आहे, आणि सोडल्यावर ते विसरायचे की जपायचे हे ठरवण्याचा हक्कही आपलाच आहे.

आणि त्या विद्यार्थिनीला मी आज जे उत्तर देईन ते असे : बाई, तुझी परंपरा फेट्याची नाही आणि नथीचीही नाही. महाडला ज्या बायांनी तिथल्या तिथे नेसण बदलली, त्यांच्यापासून ती सुरू होते. तुला आजीचे लुगडे नेसावेसे वाटले तर जरूर नेस, पण काठ बाहेर ठेव. नेसावेसे वाटले नाही तर नेसू नकोस. तुझ्या आईला ते सोडता आले, म्हणून तुला हे ठरवता येते आहे. त्या सूचनेतल्या 'आपली' या शब्दात तुझी आईही आहे, एवढे मात्र सूचना लिहिणाऱ्यांना सांगून ये.